गुरू ताठ, शनी कललेला

शनीची कडी मी पहिल्यांदा पाहिली ती एक बारीक रेघ म्हणून. २०२५ च्या नोव्हेंबरातली अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. साताऱ्याबाहेर, कासच्या रस्त्याला एका माळावर आमचा आकाशदर्शनाचा गट जमला होता आणि दुर्बीण लावणाऱ्या काकांनी "या ताई, लावा डोळा" म्हणून मला पुढे केलं. पिवळसर गोळा, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेली पांढरी रेघ. हवा हलली की रेघ तुटायची, पुन्हा जुळायची. चित्रांत पाहिलेली ती ऐसपैस, तिरकी कडी कुठेच नव्हती. आणि दोनच मिनिटांपूर्वी काका सांगत होते, "शनीचा आस २६.७ अंशांनी कललेला आहे."

कललेला आहे, तर मग कडी आपल्याला नेमकी कडेवर का दिसावी? हे विचारू की नको असं करेपर्यंत दुर्बीण दुसरीकडे वळली. रात्री दहाच्या पुढे गुरू पूर्वेला चांगला वर आला. त्याचे चार चंद्र एका ओळीत, आणि बिंबावरचे दोन तपकिरी पट्टे त्या ओळीला समांतर. नीट पाहिलं तर बिंब पुरतं गोल नव्हतं, वरून-खालून जरासं चेपलेलं होतं. "दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून पोटाकडे फुगलाय," काका म्हणाले. "पण उभा मात्र ताठ. तीनच अंश कललाय." मग द्विनेत्री हातात देऊन त्यांनी कृत्तिकांच्या दक्षिणेला थोडं सरकायला सांगितलं. तिथे एक निळसर-हिरवा ठिपका होता. "युरेनस. ९८ अंश. आडवाच झालाय तो."

तीन ग्रह, तीन आकडे. घरी येऊन अंथरुणावर पडले तरी ते डोक्यातून जाईनात. शाळेत ग्रहांचा तक्ता पाठ केला होता. त्यात अंतर, व्यास, चंद्रांची संख्या आणि एका रकान्यात आसाचा कल. गुणांसाठी तो रकाना पुष्कळ होता. पण माळावर एकाच रात्री ताठ ग्रह, कललेला ग्रह आणि आडवा ग्रह पाहिल्यावर तो रकाना मला पुरेना. हे असं का, हे मला कळायलाच हवं होतं. मी वाणिज्य शाखेची. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. माझी भाची पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला.

"अगं मावशी, आधी कडीचं बघू," ती म्हणाली. "शनीचा आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला असतो. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फेरी मारतो, आणि त्या सगळ्या वाटेवर आसाची दिशा तीच. म्हणून कधी त्याचा उत्तरेकडचा भाग आपल्याकडे झुकलेला दिसतो, कधी दक्षिणेकडचा. आणि मधे दोनदा अशी वेळ येते की कडीची पातळी थेट आपल्याकडे येते. मग तुला फक्त कड दिसते." २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी त्या पातळीतून गेली होती. नोव्हेंबरात कडी पुन्हा जवळजवळ मिटल्यासारखी दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जाणार आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसणार. शनीनं मान हलवलेली नाही. त्याला बघण्याची आपली जागा बदलली.

हे पटलं. घोडं अडलं ते पुढे.

सूर्यमाला कशी जन्मली हे साधारण माहीत होतं. वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग, त्याला अगदी थोडी फिरकी. ढग आपल्याच गुरुत्वानं आकसू लागला, तशी फिरकी वाढली, कारण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, कुठे नाहीसा होत नाही. आणि फिरता फिरता ढग चपटा होऊन त्याची चकती झाली. मधे सूर्य, चकतीत ग्रह. इमॅन्युएल कांटनं १७५५ मध्ये आणि लाप्लासनं १७९६ मध्ये हा विचार मांडला, आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. आठही ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेनं आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, तो त्याचाच पुरावा. म्हणजे सगळे एका माळेचे मणी. मग त्यांचे आसही त्या चकतीला काटकोनात, गुरूसारखे ताठ असायला हवे होते. तसे ते नाहीत. खुद्द सूर्याचा आससुद्धा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला काटकोनात नाही, तो सव्वासात अंशांनी कललेला आहे, हे वाचलं तेव्हा तर मी पुस्तक मिटून बसले.

भाचीचं पहिलं उत्तर होतं: टक्कर. खडकाळ ग्रह सावकाश, कण जमवत मोठे झाले, पण शेवटच्या टप्प्यात छोट्या ग्रहांएवढाले गोळे एकमेकांवर आदळले. टक्कर बरोबर मध्यावर झाली तर फिरकीत फारसा फरक पडत नाही. कडेला बसली तर फिरकी वाढते, घटते, तिची दिशाच बदलते. आणि कोण कुठून येऊन आदळणार याला काही नियम नाही. पृथ्वीवर मंगळाएवढा एक गोळा आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र बनला, ही कल्पना विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी १९७५ मध्ये मांडली; आज तीच सर्वांत जास्त मान्य आहे. आपले २३.४ अंश आणि आपल्या दिवसाची मूळची लांबी बहुधा त्या काळातली आहेत.

गुरूची गोष्ट वेगळी. त्याचं बहुतेक वजन वायूचं, आणि तो वायू त्याला चकतीतूनच मिळाला, म्हणून फिरकीही चकतीच्या दिशेची, भरपूर आणि सरळ.

काही दिवस मी या उत्तरावर खूश होते. कललेला ग्रह म्हणजे मार खाल्लेला ग्रह. मग शुक्राकडे वळले.

तक्त्यात शुक्राचा कल १७७ अंश लिहिलेला असतो. १७७ अंश कलायचं म्हणजे काय करायचं? भाचीनं फोनवरच मला उजव्या हाताची मूठ करायला लावली. "चार बोटं ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनं वळलेली ठेव. अंगठा जिकडे दाखवतो ती ग्रहाची उत्तर." पृथ्वीसाठी केलं तर अंगठा वर, थोडा तिरका. गुरूसाठी जवळजवळ उभा. युरेनससाठी अंगठा आडवा होऊन किंचित जमिनीकडे. शुक्रासाठी बोटं उलटी वळवायची तर मनगटच फिरवावं लागलं आणि अंगठा खाली गेला. म्हणजे शुक्राचा आस तीनच अंशांनी कललेला, पण फिरणं उलट. आणि उलट फिरणं व डोक्यावर उभं राहून सुलट फिरणं या दोन्ही गोष्टी एकच आहेत. त्यासाठीच १७७ लिहितात. स्वयंपाकघरात उभी राहून मी आठही ग्रहांची मूठ करून पाहिली. ज्याला हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत त्यानं हे करून पाहावंच.

शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५. दोन्ही मिळून तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवस जातात, आणि तो सूर्योदय पश्चिमेला. इतकी संथ आणि उलटी फिरकी एका टकरीनं आली असं म्हणता येईल, पण त्यासाठी टक्कर फार बेताची, अगदी मापून दिल्यासारखी हवी. दुसरं उत्तर मला जास्त पटलं, आणि ते शुक्राच्या हवेत आहे. तिथला हवेचा दाब आपल्या नव्वदपट. सूर्याची ओढ ग्रहाच्या घन भागात भरती आणते आणि त्याची फिरकी हळूहळू थोपवत नेते. पण उन्हानं तापून त्या जाड हवेतही भरती येते. हवा एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट होते आणि त्या दाट भागावरच्या सूर्याच्या ओढीनं ग्रहाला वेगळाच पीळ बसतो. एक भरती ग्रहाला थांबवायला बघते, दुसरी थांबू देत नाही. अलेक्झांद्र कोरेया आणि जाक लास्कर यांनी २००१ मध्ये गणितानं दाखवलं की सुरुवातीच्या अनेक वेगवेगळ्या स्थितींतून निघालेला शुक्र कोट्यवधी वर्षांत या दोन ओढींमुळे आजच्यासारख्या उलट्या, संथ फिरकीला येऊ शकतो. त्यासाठी कुणी येऊन आदळायला हवं असं नाही. हवा ग्रहाला फिरवू शकते, हे वाचून मी किती तरी वेळ तसाच कागद धरून बसले होते.

बुधाचं थोडक्यात सांगते. तो सूर्याला नेहमी एकच बाजू दाखवतो असं १९६५ पर्यंत मानलं जात होतं. त्या वर्षी अरेसिबो वेधशाळेच्या रडारनं त्याची खरी फिरकी मोजली: ५९ दिवस. त्याचं वर्ष ८८ दिवसांचं. म्हणजे सूर्याभोवती दोन फेऱ्या होईपर्यंत तो स्वतःभोवती बरोबर तीनदा फिरतो. इटलीच्या ज्युसेप्पे कोलंबोनं हा हिशोब जुळवला. सूर्याच्या भरतीनं त्याला या तालात अडकवून ठेवलंय आणि त्याचा आस सर्व ग्रहांत ताठ.

आता आपली पृथ्वी. इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण इथे तीन गोष्टी एकदम चालू असतात आणि पुस्तकं त्या एका परिच्छेदात उरकतात.

पहिली म्हणजे फिरकी मंदावते आहे. चंद्र समुद्राला भरती आणतो, पण पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा वेगानं फिरत असल्यामुळे भरतीचा फुगवटा थोडा पुढे ओढला जातो. त्या फुगवट्याला चंद्र मागे खेचतो आणि पृथ्वीची फिरकी रतीरती कमी होते. ती चंद्राच्या वाट्याला जाते आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर सरकतो. चांद्रवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर टाकून हे मोजलंय. याची जुनी नोंद पोवळ्यांत सापडते. काही पोवळी रोज एक सूक्ष्म थर चढवतात. जॉन वेल्स या अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांवरचे थर मोजले, तर वर्षाला ४०० च्या आसपास भरले. वर्ष तेवढंच, म्हणजे तेव्हाचा दिवस २२ तासांचा.

दुसरी गोष्ट आसाच्या दिशेची. ती वर म्हटल्यासारखी कायम नसते, फार सावकाश फिरते. वेग कमी झालेला भोवरा जसा पडता पडता मान गोल फिरवतो, तसा पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. याचा परिणाम आपल्याकडे घरोघरी दिसतो. मकर संक्रांत १४ जानेवारीला आणि खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, हा फरक आसाच्या या फिरण्यामुळेच, म्हणजे परांचनामुळेच पडलाय. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होती.

तिसरी गोष्ट कलाच्या मापाची. तेही हलतं: ४१,००० वर्षांत साधारण २२.१ आणि २४.५ अंशांच्या दरम्यान. सध्या ते कमी होतंय, त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी १४-१५ मीटर दक्षिणेकडे येतंय. एवढासा फरकही हिमयुगांच्या येण्या-जाण्यात भाग घेतो. पण हा फरक इतका आटोक्यात राहतो तो चंद्रामुळे. लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की मोठा चंद्र नसलेल्या मंगळाचा कल शून्यापासून ६० अंशांपर्यंत बेभरवशाचा हिंडू शकतो. आज मंगळाचा कल २५.२ अंश, दिवस साडेचोवीस तासांहून थोडा मोठा. पृथ्वीशी इतका सारखा की मला तो भाऊच वाटायचा. पण पृथ्वीचा आकडा राखलेला आहे आणि मंगळाचा आजच्यापुरता. तक्त्यात ते शेजारी शेजारी, एकाच वजनाचे म्हणून छापतात, याचा मला मनापासून राग येतो.

हा कल आपल्याला हातानं मोजल्यासारखा बघता येतो, हेही मला या वाचनातच कळलं. साताऱ्याचा अक्षांश १७.७. मेच्या १० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर तेवढा उत्तरेला आलेला असतो. त्या दिवसांत गच्चीवर एक उंच स्टीलचा डबा ठेवला आणि बाराला वर जाऊन बसले. फरशी पाय ठेवू देत नव्हती. डब्याची सावली आखडत आखडत साडेबाराच्या सुमारास पार बुडाखाली गेली. चारी बाजूंनी नुसतं ऊन. आख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे शून्य सावली प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा मिळते. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला शेवटच्या. दुसऱ्या वेळी पावसाळा असतो आणि ढगांत ती बहुधा वाया जाते. पृथ्वी दहाच अंशांनी कललेली असती तर साताऱ्याच्या माथ्यावर सूर्य कधीच आला नसता.

परत शनीकडे. एक प्रश्न मला माळावरच पडला होता: वायूच्या गोळ्यावर खूण कसली धरायची? ढग वेगवेगळ्या वेगानं वाहतात, खाली जमीन नाही. मग दिवस मोजायचा कसा? गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या आसाशी थोडं तिरकं आहे, ते ग्रहाबरोबर फिरतं आणि रेडिओ लहरींत त्याचे ठोके ऐकू येतात. युरेनसचं तर चांगलंच तिरकं, सुमारे ५९ अंश. व्हॉयेजर-२ यान २४ जानेवारी १९८६ ला त्याच्याजवळून गेलं तेव्हा याच मार्गानं १७ तास १४ मिनिटं हा आकडा मिळाला. शनीनं मात्र सगळ्यांना दमवलं. त्याचं चुंबकीय क्षेत्र आसाशी इतकं बरोबर जुळलेलं आहे की ते फिरताना काही हललेलं दिसतच नाही. अखेर २०१९ मध्ये कॅसिनी यानानं घेतलेल्या कडीच्या निरीक्षणांतून उत्तर निघालं. शनीच्या पोटात सतत कंपनं चालू असतात, त्यांनी त्याचं गुरुत्व किंचित थरथरतं आणि कडीच्या कणांत तरंग उठतात. ते तरंग वाचून शनीचा दिवस ठरला: १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद. मी जी रेघ तुटता-जुळताना पाहिली होती, तिच्यातच हा हिशोब उमटलेला होता.

आणि शनीचा कल? गुरूसारखाच वायूचा, गुरूसारखाच प्रचंड. तो ताठ असायला हवा होता, आणि इतक्या वजनाच्या ग्रहाला टक्कर मारून २६.७ अंश वाकवायचं म्हणजे सोपं काम नाही. विल्यम वॉर्ड आणि डग्लस हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये वेगळंच कारण पुढे केलं. शनीचा आसही परांचनानं फिरतो, आणि त्या फिरण्याचा वेग नेपच्यूनच्या कक्षेच्या पातळीच्या फिरण्याशी जवळजवळ जुळतो. ताल जुळला की अगदी हलकी ओढसुद्धा पुन्हा पुन्हा योग्य वेळी बसते आणि ग्रह कलत जातो. नेपच्यून कुठे, शनी कुठे! पुढे कॅसिनीच्या मोजमापांतून दिसलं की आज हा ताल थोडा सुटलेला आहे. तो का सुटला? जॅक विझ्डम आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुचवलं की शनीला आणखी एक चंद्र होता, त्याला त्यांनी क्रिसॅलिस नाव दिलं. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी तो शनीच्या फार जवळ जाऊन फुटला, ताल सुटला आणि त्याच्या बर्फाची कडी झाली. हे अजून अनुमान आहे, त्यावर वाद आहेत. पण कल आणि कडी या दोन कोड्यांना एकच किल्ली लावायचा हा प्रयत्न मला फार आवडला.

उरला युरेनस. त्याच्याविषयी मी अजून गोंधळलेलीच आहे, आणि जाणकारांचंही एकमत नाही. विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये हा ग्रह शोधला आणि १७८७ मध्ये त्याचे दोन चंद्र, टायटेनिया आणि ओबेरॉन. ते ग्रहाच्या कक्षेला जवळजवळ उभ्या पातळीत फिरतात. युरेनसचं वर्ष ८४ वर्षांचं, त्यात प्रत्येक ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. व्हॉयेजर गेलं तेव्हा एक ध्रुव सूर्याकडे होता. २००७ मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला, आता दुसऱ्या ध्रुवाचा उन्हाळा चढतोय.

पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गोळ्याची टक्कर, हे जुनं उत्तर. पण मग चंद्रांचं काय? ग्रह एकदम आडवा झाला असेल, तर चंद्र ग्रहाच्या विषुववृत्ताशी इतके नीट जुळलेले आणि ग्रहाच्याच दिशेनं फिरणारे कसे? अलेस्सांद्रो मॉर्बिडेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिशोब मांडला की एका टकरीत हे बसत नाही, किमान दोन तरी हव्यात. २०२२ मध्ये मेलेन सायनफेस्ट आणि सहकाऱ्यांनी शनीच्या वाटेनं जाणारं उत्तर दिलं: एखादा मोठा चंद्र हळूहळू दूर सरकत गेला, त्यानं युरेनसच्या परांचनाचा ताल दुसऱ्या कशाशी तरी जुळवला, ग्रह कलत कलत आडवा झाला आणि शेवटी तो चंद्र ग्रहावर कोसळला. भाचीचा कौल टकरींना आहे. माझा या दुसऱ्या उत्तराला. शुक्र आणि शनी वाचल्यावर प्रत्येक वाकड्या गोष्टीचं खापर टकरीवर फोडणं मला जमत नाही.

निकाल लावायला जवळून मोजावं लागेल: युरेनसचे आजचे चंद्र वर्षाला किती दूर सरकतात, आणि ग्रहाच्या पोटात वजनाची वाटणी कशी आहे. चंद्र भराभर सरकत असतील, तर जुन्या सरकत्या चंद्राच्या कल्पनेला बळ येईल. एकट्या व्हॉयेजरच्या धावत्या भेटीत हे मोजता आलं नाही. अमेरिकेच्या ग्रहविज्ञानाच्या दशवार्षिक आराखड्यात २०२२ मध्ये युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला मोठ्या मोहिमांत पहिला क्रम दिला गेला. ते अजून उडालेलं नाही, आणि उडाल्यावरही पोहोचायला दहाएक वर्षं तरी लागतील. तोवर भाचीनं पाठवलेला सायनफेस्टांचा शोधनिबंध मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचते आहे. चौथ्या पानावरचं परांचनाचं समीकरण काकांकडून नीट समजून घ्यायचं आहे.